जीपला जास्त ताकदीचे इंजिन : क्लचपासून चाकापर्यंतची साखळी कशी मजबूत करावी?

गॅरेज, लेथ, वेल्डिंग, पाटे, जुने सुटे भाग हे धंदे आपल्या कित्येक घरांची चूल पेटवीत आले आहेत. मुंबईत कुर्ल्याचा बाजार असो की पुण्याची नाना पेठ, मोटारीच्या कामात आपल्या कारागिरांचा हात बसलेला आहे. या कामात एक मागणी वारंवार येते. गिऱ्हाईक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, गाडी चांगली आहे, पण चढावर दम टाकते. जरा मोठे इंजिन बसवून द्या."

इंजिन बसविणे हे दिसायला मोठे काम, पण आमच्या मते त्यातला अवघड भाग इंजिन बसल्यानंतर सुरू होतो. फाउंडेशन तयार केले, रेडिएटर जुळविला, गाडी सुरू झाली, पैसे मिळाले. पुढे काही महिन्यांत क्लच जळतो, गिअर निसटू लागतो किंवा मागचा एक्सल तुटतो. एक्सल सपाट रस्त्यावर तुटला तर खर्च होतो. घाटात तुटला आणि चाक निघून गेले तर माणसे जातात. गिऱ्हाईकाने आपल्या ताब्यात दिलेली गाडी ही अमानत असते आणि तिच्यात बसणारी माणसेही. म्हणून या लेखात आपण इंजिनाची ताकद चाकापर्यंत कोणत्या मार्गाने जाते, कोणत्या भागावर किती ताण येतो आणि तो भाग कसा मजबूत करावा, हे क्रमाने पाहणार आहोत.

आधी कायदा, मग पाना

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२-अ बदलले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे वेगळेच.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत दुसऱ्याच जातीचे इंजिन टाकण्याचे काम घेऊ नये. त्याच मेकचे व त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे असले तरी आर.टी.ओ.ची परवानगी आधी घ्यावी आणि नवा इंजिन नंबर पुस्तकात चढवून घ्यावा. मग मोठ्या इंजिनाचे काम उरते कोठे? बंदिस्त मैदानावरील ऑफ-रोड स्पर्धेच्या गाड्या, ज्या रस्त्यावर न चालविता ट्रेलरवर नेल्या जातात, आणि खासगी जमिनीच्या आतच वापरली जाणारी वाहने, एवढ्यात. पण खाली दिलेली माहिती याहून मोठ्या कामाला उपयोगी आहे. मूळ इंजिन कायम ठेवून जी जीप डोंगरात, जास्त ओझ्याने चालते, तिच्याही क्लच-एक्सलवर तोच ताण येतो, आणि तिची दुरुस्ती हा आपला रोजचा धंदा आहे.

जीपच्या घराण्याची ओळख

आपल्याकडील जुन्या जीपची रचना अमेरिकेतील विलीज कंपनीची. १९४५ मध्ये लुधियाना येथे 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने पेढी सुरू झाली. त्यातील भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. या कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली आणि पुढे उंच बॉनेटची सी.जे.-३बी ही जीप अनेक दशके आपल्या रस्त्यांवर धावली.

या जीपमध्ये २.२ लिटरचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन होते. ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती व पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. मागे टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्स, त्याला जोडून स्पायसर १८ ट्रान्स्फर केस, पुढे डॅना २५ आणि मागे डॅना ४४ एक्सल. आता तुलना करा. २०१० मध्ये आलेल्या महिंद्र थारच्या सी.आर.डी.ई. डिझेल इंजिनाचा पीळ २४७ न्यूटन-मीटर होता. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारच्या डिझेल इंजिनाचा ३०० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे नव्या काळातील साधे डिझेल इंजिनही जुन्या जीपच्या इंजिनापेक्षा दीडपट ते दुप्पट जोराने शाफ्ट पिळते.

कारखान्यानेही हा प्रश्न सोडविला होता आणि त्यात आपल्याला शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये सी.जे.-५ जीपला १६० अश्वशक्तीचे व्ही-६ इंजिन मिळाले. १९७२ मध्ये त्याच जीपमध्ये सहा सिलिंडरचे व आठ सिलिंडरचे इंजिन बसविण्यासाठी कंपनीने पुढील-मागील चाकांमधील अंतर सुमारे ३ इंचांनी वाढविले, ट्रान्स्फर केस बदलून डॅना २० घातली आणि पुढचा एक्सल बदलून डॅना ३० केला. ज्या कंपनीकडे इंजिनियरांची फौज होती, तिलाही नुसते इंजिन टाकून भागले नाही.

पीळ कोठे किती होतो?

इंजिनातून निघालेला पीळ प्रत्येक गिअरच्या टप्प्यावर गुणला जातो. टी-९० चा पहिला गिअर सुमारे २.८ पट, ट्रान्स्फर केसचा लो सुमारे २.४६ पट आणि सी.जे.-३बी चे क्राऊन-पिनियन ५.३८ पट. घर्षणातील नुकसान सोडून देऊन हिशेब करू.

इंजिनातून १५५ न्यूटन-मीटर.
पहिल्या गिअरनंतर सुमारे ४३४.
लो लावल्यावर प्रॉपेलर शाफ्टवर सुमारे १,०६७.
क्राऊन-पिनियननंतर चाकांकडे एकूण सुमारे ५,७४०.

आता इंजिन २४७ न्यूटन-मीटरचे बसवा. शेवटचा आकडा ९,१०० च्या वर जातो. हे पाहून कारागीर म्हणेल की सगळेच भाग दीडपट मोठे करावे लागतील. येथेच बारकाईने विचार करावयास हवा, नाहीतर गिऱ्हाईकाचा पैसा नको त्या जागी जाईल.

टायर जमिनीला जेवढा धरून राहतो, त्यापेक्षा जास्त पीळ चाक घेऊ शकत नाही. ते जागच्या जागी फिरू लागते. समजा भरलेली जीप १,६०० किलोची आहे, जमीन कोरडी व चांगली पकड देणारी आहे (पकडीचा आकडा ०.८) आणि चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर आहे. तर चारही चाके मिळून जास्तीत जास्त सुमारे ४,५०० न्यूटन-मीटर पीळ जमिनीत उतरवू शकतात. म्हणजे लो-पहिल्या गिअरमध्ये जुने इंजिनही टायरच्या पकडीपलीकडे जात होते. त्या गिअरमध्ये एक्सलवरचा ताण टायर आणि वजन ठरवितात, इंजिन नव्हे.

उलट, वरच्या गिअरमध्ये पाहा. तिसऱ्या थेट गिअरमध्ये २४७ न्यूटन-मीटरचे इंजिन चाकांना सुमारे १,३३० न्यूटन-मीटर देते. टायर सहज धरून ठेवतो, चाक फिरत नाही. त्यामुळे इंजिनाचा पूर्ण पीळ क्लच आणि गिअरबॉक्समधून तासन् तास जात राहतो. ओझे लादून घाट चढताना हेच घडते.

यावरून नियम निघतो तो वहीत लिहून ठेवावा : क्लच व गिअरबॉक्सचा ताण इंजिन ठरविते, एक्सलचा ताण टायर, वजन आणि झटका ठरवितात. इंजिन मोठे झाले तर क्लच-गिअरबॉक्सकडे आधी पाहा. टायर मोठे झाले, ओझे वाढले किंवा डिफरन्शियल लॉक बसविले तर एक्सलकडे आधी पाहा. गिऱ्हाईक बहुधा इंजिन आणि मोठे टायर दोन्ही मागतो, म्हणून दोन्हीकडे पाहावे लागते.

क्लच : पहिली कडी

क्लच किती पीळ धरील, हे चार गोष्टींवर ठरते : प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगची पकड, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू (एका प्लेटला दोन). उदाहरणासाठी दाब ४,००० न्यूटन, पकड ०.३ आणि सरासरी त्रिज्या ०.०९ मीटर धरू. २ × ०.३ × ४,००० × ०.०९ म्हणजे २१६ न्यूटन-मीटर. १५५ च्या इंजिनाला हा क्लच भरपूर आहे. २४७ च्या इंजिनाला तो चढावर घसरेल, तापेल आणि जळेल. इंजिनाच्या कमाल पिळापेक्षा निदान चौथाई ते एक तृतीयांश जास्त क्षमता हवी. म्हणजे येथे ३१० ते ३३० न्यूटन-मीटरचा क्लच शोधावा.

क्षमता वाढविण्याचे तीन मार्ग आहेत. नुसता दाब वाढविला तर पेडल जड होते आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो. बटणाची सिरॅमिक प्लेट घातली तर पकड वाढते, पण ती एकदम धरते; तो झटका पुढे क्रॉस आणि एक्सलला बसतो. सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे मोठ्या व्यासाची प्लेट, तिला जुळणारे प्रेशर प्लेट व फ्लायव्हील. शक्यतो नव्या इंजिनाबरोबर कारखान्याने दिलेला क्लचच ठेवावा.

बेल हाऊसिंग जोडण्यासाठी लेथवर अॅडॅप्टर प्लेट बनविली जाते. येथे डोळ्याचा अंदाज चालत नाही. क्रँकचे केंद्र व गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे केंद्र एका रेषेत असावे लागते. फ्लायव्हीलवर डायल गेज बांधून बेल हाऊसिंगचे भोक फिरवून तपासावे, फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास राहिला पाहिजे. फरक जास्त असेल तर पायलट बुश खाल्ले जाते, इनपुटचे बेअरिंग आवाज करू लागते आणि गिअर निसटतो. मग गिऱ्हाईक गिअरबॉक्सला दोष देतो, प्रत्यक्षात दोष प्लेटचा असतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस

गिअरबॉक्सची ताकद मुख्यतः दातांची रुंदी, बेअरिंगचा आकार आणि दोन शाफ्टमधील अंतर यांवर असते. जुन्या केसिंगमध्ये यांपैकी काहीच वाढविता येत नाही. म्हणून नुसता ओव्हरहॉल केलेला टी-९० मोठ्या डिझेल इंजिनाला पुरेल अशी हमी देऊ नये. इंजिन ज्या गाडीचे, तिचाच गिअरबॉक्स सोबत घेणे उत्तम. त्यामुळे क्लच, बेल हाऊसिंग, इनपुट शाफ्ट हे तीन प्रश्न एकदम सुटतात आणि अॅडॅप्टर फक्त गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्यामध्ये लागतो.

पण यातून दुसरी अडचण येते. इंजिन व गिअरबॉक्सची जोडी लांब झाली की ट्रान्स्फर केस मागे सरकते आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड होतो. जीप आधीच आखूड गाडी आहे. म्हणून अॅडॅप्टर बनविण्याआधी इंजिनाच्या पुढच्या पुलीपासून ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजपर्यंतचे माप घेऊन चासीवर खडूने आखून पाहावे. रेडिएटर, पंखा आणि स्टीअरिंगचा रॉड यांची जागा त्याच वेळी कळते.

स्पायसर १८ मध्ये मागचे तोंड एका बाजूला आहे. त्यामुळे हाय गिअरमध्येही सर्व ताकद मधल्या गिअरमधून वळून जाते. डॅना २० मध्ये मागचे तोंड मध्यावर आले आणि हायमध्ये ताकद थेट जाऊ लागली, दातांवर ओझे राहिले नाही. जुनी ट्रान्स्फर केस ठेवायची असेल तर मधला शाफ्ट, त्याची रोलर बेअरिंगे आणि थ्रस्ट वॉशर नवे घालावेत. केसिंगमधील भोक मोठे झाले असेल तर ते बोअर करून बुश बसवावे. नुसते पंच मारून घट्ट केलेला शाफ्ट पुन्हा ढिला होतो.

आणखी एक सूचना. स्पायसर १८ मध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही, अशी आडकाठी कारखान्यानेच ठेवली आहे. कारण लोचा वाढलेला पीळ चार चाकांत वाटला जावा. काही मिस्त्री गिऱ्हाईकाच्या हट्टामुळे आतील लॉक काढून टाकतात. मोठ्या इंजिनाबरोबर असे केले तर लोचा सगळा पीळ एकट्या मागच्या एक्सलवर पडतो. हे काम नाकारावे.

तेलाचीही काळजी घ्यावी. डिफरन्शियलला जी.एल.-५ दर्जाचे ई.पी. तेल लागते. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्सला कंपनीने सांगितलेले तेलच घालावे, कारण जी.एल.-५ मधील काही रसायने पितळ खातात.

प्रॉपेलर शाफ्ट आणि क्रॉस

क्रॉसचा आकार टोपीच्या व्यासावरून ओळखतात. १३१० या मालिकेच्या क्रॉसची टोपी सुमारे २७ मिलिमीटर व १३५० ची सुमारे ३० मिलिमीटर असते. फरक ३ मिलिमीटरचा दिसतो, पण भार पेलण्याच्या क्षमतेत तो मोठा ठरतो. क्रॉस मोठा घेतला तर योक आणि फ्लँज त्याच मालिकेचे घ्यावेत. योक घासून मोठा क्रॉस बसवू नये.

शाफ्ट कापून जोडताना चार गोष्टी पाळाव्यात. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवावेत, नाहीतर गाडी कंप पावते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असावेत आणि जितके कमी तितके चांगले. पाटा पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण सुटल्यावर स्लाइडिंग स्प्लाइन ना ठेचावी, ना बाहेर निघावी. आणि वेल्डिंगनंतर शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घ्यावा. गाडी उंच करण्यासाठी पाट्याखाली ठोकळे घातले की कोन वाढतो, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

क्राऊन-पिनियन

मोठे डिझेल इंजिन जुन्या इंजिनापेक्षा कमी फेऱ्यांत काम करते. ५.३८ च्या क्राऊनवर जुनी जीप ४,००० फेऱ्यांना ताशी साधारण १०० किलोमीटर जाई. त्याच क्राऊनवर नवे इंजिन विनाकारण ओरडत राहील. अमेरिकेत व्ही-६ इंजिनाच्या जीपला कारखान्याने ३.७३ चे क्राऊन दिले होते, ते यासाठीच. यात दुसरा फायदाही आहे. गुणोत्तराचा आकडा लहान झाला की पिनियन जाड होतो आणि त्याचे दात मजबूत होतात. मात्र पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर सारखेच असले पाहिजे. फरक असेल आणि कठीण रस्त्यावर फोर-व्हील लावली, तर ट्रान्स्फर केस फुटेल.

क्राऊन-पिनियन नेहमी जोडीनेच बदलावे. दातांतील प्ले डायल गेजने मोजावा. डॅना ४४ च्या जातीत तो ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर असतो. दातांना रंग लावून फिरवावे आणि ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत शिम बदलावेत. "आवाज नाही म्हणजे बसले" असे समजू नये. ओझे पडल्यावर चुकीचा ठसा दाताच्या टोकाला सरकतो आणि तेथूनच तुकडा उडतो.

एक्सल : जेथे जीव गुंतलेला असतो

गोल शाफ्टची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. डॅना ३० चा २७ स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे १.१६ इंच आणि डॅना ४४ चा ३० स्प्लाइनचा शाफ्ट सुमारे १.३१ इंच. जाडी फक्त १३ टक्के जास्त, पण ताकद सुमारे ४४ टक्के जास्त. जुन्या जीपच्या डॅना ४४ ला १० स्प्लाइनचे बारीक शाफ्ट होते. म्हणून हाऊसिंगचे नाव ऐकून खूश होऊ नये. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन मोजाव्यात.

जुन्या जीपच्या मागच्या एक्सलला शेवटी निमुळता भाग असतो आणि हब त्यावर चावी व नटाने घट्ट होते. नट थोडा ढिला राहिला तरी चावी कापली जाते आणि मुळाशी तडा सुरू होतो. या जातीत गाडीचे वजनही शाफ्टवरच असते, म्हणजे तो सेमी-फ्लोटिंग आहे. शाफ्ट तुटला की चाकच निघून जाऊ शकते. १९४१ च्या लष्करी जीपला मागे फुल-फ्लोटिंग एक्सल होता. त्यात वजन हाऊसिंगवर असते, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. जास्त ताकदीच्या गाडीला एकसंध फ्लँजचे शाफ्ट किंवा फुल-फ्लोटिंग एक्सल हाच योग्य उपाय आहे.

शाफ्ट स्थानिक लेथवर बनविण्याची मागणी होते. आमचा सल्ला असा की शक्य तेथे तयार माल घ्यावा. बनवायचाच असेल तर ई.एन.-२४ सारखे मिश्र पोलाद घ्यावे, जेथे व्यास बदलतो तेथे धारदार कोपरा न ठेवता गोलाई द्यावी, कामानंतर जाणकाराकडून उष्णता-प्रक्रिया करून घ्यावी आणि शेवटी डाय पेनिट्रंटने तडा तपासावा. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून परत बसविणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

डिफरन्शियल लॉकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टना सारखा पीळ मिळतो. लॉक लावल्यावर एक चाक हवेत आणि दुसरे दगडात अडकले, तर एक्सलचा सगळा पीळ एकाच शाफ्टवर येतो. म्हणून बारीक शाफ्टवर लॉक बसवू नये. पुढच्या एक्सलचा सांधा स्टीअरिंग पूर्ण वळलेले असताना सर्वांत कमजोर असतो. लोमध्ये, पूर्ण वळणावर, पूर्ण रेस देऊ नये, हे चालविणाऱ्याला सांगणे हाही कामाचाच भाग आहे.

पाटे, चासी आणि ब्रेक

जास्त पिळाने एक्सल हाऊसिंग स्वतःच उलट फिरू पाहते. पाटा नागमोडी वाकतो, पिनियन वर उचलला जातो आणि क्रॉस तुटतो. यू-बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करावेत, पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत, आणि गरज असल्यास हाऊसिंगपासून चासीपर्यंत आधाराचा दांडा द्यावा. चासीवर फाउंडेशन वेल्ड करताना बॅटरी सोडावी आणि वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा जोड घेऊ नये. तेथूनच चीर पडते. पट्टी निमुळती कापून बाजूच्या भिंतीवर बसवावी.

ब्रेकचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो पहिल्यांदा व्हावा. वाढलेला वेग जुन्या ड्रम ब्रेकला थांबवावा लागतो. मोठ्या टायरने ब्रेक आणखी कमजोर पडतो. पुढच्या चाकांना डिस्क आणि बूस्टर बसविल्याशिवाय गाडी बाहेर देऊ नये.

कामाचा क्रम आणि व्यवहार

काम घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारावेत : गाडी कोठे चालणार? किती ओझे? कोणते टायर? लॉक बसविणार काय? उत्तरे लिहून घ्यावीत. मग क्रम असा ठेवावा : ब्रेक, क्लच व गिअरबॉक्स, क्रॉस व शाफ्ट, क्राऊन-पिनियन, एक्सल, आणि इंजिन सर्वांत शेवटी. पैसा अपुरा असेल तर इंजिनाचे काम पुढे ढकलावे. साखळी तयार करून ठेवलेली गाडी जुन्या इंजिनावरही चांगली चालते. इंजिन आधी घातलेली गाडी साखळी तोडते.

अंदाजपत्रक लेखी द्यावे आणि त्यात प्रत्येक भाग नवा की जुना ते लिहावे. जुने इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना पक्के बिल, मूळ गाडीच्या कागदांची प्रत आणि नंबर यांची पडताळणी करावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे आता प्रमाणपत्र देतात. स्वस्त मिळते म्हणून बिनकागदाचे इंजिन घेणारा कारागीर चोरीच्या मालात अडकू शकतो.

दुकानात डायल गेज, मायक्रोमीटर व टॉर्क रेंच या तीन वस्तू असल्याच पाहिजेत. एक क्राऊन-पिनियन वाया गेले तर त्यांची किंमत वसूल होते. मुलांना नुसते हाताखाली न ठेवता आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिक किंवा टर्नरचे शिक्षण द्यावे. घरातील हातोटी आणि वर्गातील हिशेब एकत्र आले तर हाच धंदा दुप्पट मान मिळवील.

शेवटी, काही कामे नाकारणे हेही कौशल्य आहे. "इंजिन तेवढे टाका, बाकीचे नंतर पाहू" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. समजणारा थांबेल आणि पूर्ण काम देईल. न समजणारा दुसरीकडे गेला, तर एक काम गेले असे समजावे. दुकानाचे नाव शाबूत राहिले.